पेरू की सफरचंद? दोन फळांचं पोषणमूल्य घरच्या घरी कसं ताडून पाहायचं

ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, दवाखान्यात कुणाला भेटायला जायचं म्हटलं की हातात सफरचंदांची पिशवी ठरलेली. पेरू घेऊन गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. सफरचंद म्हणजे पौष्टिक आणि पेरू म्हणजे शाळा सुटल्यावर मीठ-तिखट लावून खायची गंमत, ही वाटणी आपल्या डोक्यात इतकी पक्की बसलेली आहे की तपासून पाहावंसंही कुणाला वाटत नाही.

आमच्या घरी ती तपासावी लागली, कारण सासऱ्यांची साखर वाढली. आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर लिहून दिलं, ‘दिवसाला एक फळ’. कोणतं, केवढं, सालीसकट की सोलून, याबद्दल एक अक्षर नाही. घरात दोन तट पडले. मोबाइलवर शोधायला गेलं तर एका ठिकाणी पेरू श्रेष्ठ, दुसऱ्या ठिकाणी सफरचंद, आणि आकडे प्रत्येकाचे वेगळे. हे आकडे वाचायचे कसे हे एकदा कळलं की गोंधळ संपतो. कुठल्याही दोन फळांना हीच रीत चालते, केळं-चिकू असो की संत्रं-मोसंबं. इथे उदाहरण पेरू आणि सफरचंदाचं घेते.

लागणाऱ्या गोष्टी

- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. भाजीवाल्याच्या काट्यावर हे काम होत नाही.
- दोन फळं, सुरी, वही-पेन, मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर.
- अन्नघटकांचं विश्वासाचं कोष्टक. आपल्याकडचं म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं ‘इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स २०१७’. त्यात देशभरातून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थ तपासलेले आहेत. दुसरं अमेरिकेच्या कृषी खात्याचं ‘फूडडेटा सेंट्रल’, तेही इंटरनेटवर फुकट पाहता येतं.
- घरात कुणाला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यांचे अलीकडचे रिपोर्ट. ते का, हे सातव्या पायरीत.

१. आधी प्रश्न ठरवा

‘कोणतं फळ जास्त पौष्टिक?’ या प्रश्नाला उत्तर नाही. पोट साफ होत नाही म्हणून विचारताय, साखरेसाठी, वजनासाठी, मुलाच्या डब्यासाठी, की महिन्याच्या खर्चासाठी? प्रत्येक वेळी कोष्टकातली वेगळी ओळ बघायची असते. वहीत वरच एका वाक्यात लिहून ठेवा. आम्ही लिहिलं होतं, ‘साखर कमी, पोट भरलेलं राहावं, बद्धकोष्ठता होऊ नये.’ म्हणजे आमच्या कामाच्या ओळी तीनच होत्या: कर्बोदकं, साखर आणि तंतू, म्हणजेच फायबर. बाकीच्या पंचवीस ओळी वाचून डोकं पिकवायची गरज नव्हती.

२. दोन्ही फळं एकाच कोष्टकातून घ्या

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पेरूचा आकडा एका साइटवरून आणि सफरचंदाचा दुसरीकडून घेतला तर तुलना तिथेच बिघडली. कारणं नीट समजून घ्या.

पहिलं कारण ऊर्जेच्या एककाचं. भारतीय कोष्टकात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, किलोकॅलरीत नाही. आपण बोलताना ‘कॅलरी’ म्हणतो ती किलोकॅलरी. किलोज्यूलला ४.१८४ ने भागलं की किलोकॅलरी मिळते. पांढऱ्या पेरूपुढे १३५ च्या आसपासचा आकडा दिसेल. तो तसाच उचलला तर शंभर ग्रॅम पेरूत एका चपातीहून जास्त कॅलरी आहेत की काय, असं वाटेल. भागल्यावर जेमतेम ३२ उरतात.

दुसरं कारण कर्बोदकांचं, आणि हे बऱ्याच जाणत्यांच्याही नजरेतून सुटतं. अमेरिकन कोष्टकातल्या कर्बोदकांच्या आकड्यात तंतू धरलेले असतात. भारतीय कोष्टकात ते वजा केलेले असतात. त्यामुळे अमेरिकन पेरूत कर्बोदकं १४ ग्रॅम आणि भारतीय पेरूत पाचच ग्रॅम दिसतात. फळ काही एवढं बदलत नाही, मोजायची पद्धत बदलते. थोडा फरक वाणाचाही आहे: तंतू अमेरिकन यादीत ५.४ ग्रॅम, तर आपल्या पांढऱ्या पेरूत साडेआठच्या आसपास.

तिसरं, साल. अमेरिकन यादीत सफरचंदाची ‘सालीसकट’ आणि ‘साल काढून’ अशी वेगळी नोंद आहे. सालीसकट १०० ग्रॅममध्ये तंतू २.४ ग्रॅम, सोललं की १.३. साल बारीक सोलून डब्यात फोडी देणाऱ्या आयांनी ही ओळ दोनदा वाचावी.

आणखी एक. कोष्टकात रकाना रिकामा असेल किंवा आडवी रेघ असेल तर त्याचा अर्थ शून्य नव्हे. तो घटक मोजलेला नाही, एवढंच.

कॅलरी मोजणाऱ्या ॲपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुलनेसाठी ती वापरू नयेत. त्यातल्या बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात, ‘एक मध्यम पेरू’ म्हणजे किती ग्रॅम ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि पेरूच्या नावाखाली पेरूचं सरबतही सापडतं.

३. शंभर ग्रॅमचे आकडे समोरासमोर मांडा

खाली दोन्ही फळांचे आकडे अमेरिकन कोष्टकातले आहेत, कारण त्यात साखर आणि तंतू वेगळे पाहणं नवख्याला सोपं जातं. सफरचंद सालीसकट, दोन्ही कच्ची, म्हणजे न शिजवलेली.

| १०० ग्रॅममध्ये | पेरू | सफरचंद |
|---|---|---|
| ऊर्जा (किलोकॅलरी) | ६८ | ५२ |
| कर्बोदकं, तंतू धरून (ग्रॅम) | १४.३ | १३.८ |
| त्यातली साखर (ग्रॅम) | ८.९ | १०.४ |
| तंतू (ग्रॅम) | ५.४ | २.४ |
| प्रथिनं (ग्रॅम) | २.६ | ०.३ |
| ‘क’ जीवनसत्त्व (मिलिग्रॅम) | २२८ | ४.६ |
| पोटॅशियम (मिलिग्रॅम) | ४१७ | १०७ |

पाहताक्षणी पेरूची सरशी दिसते. पोटॅशियमचं म्हणाल तर ज्या केळ्याचा एवढा डंका आहे त्यात शंभर ग्रॅमला ३५८ मिलिग्रॅम असतं, पेरूत त्याहून जास्त. पण निकाल एवढ्यात लावू नका. शंभर ग्रॅम हे कोष्टकाच्या सोयीचं माप आहे. तुम्ही शंभर ग्रॅम खात नाही, एक फळ खाता.

४. वजनकाटा काढा

अख्खं फळ तोला. मग जे पोटात जाणार नाही ते काढा आणि उरलेलं पुन्हा तोला. सफरचंदाचा देठ, गाभा आणि बिया जातात, साधारण दहा टक्के वजन. पेरूचा देठ आणि खालची वाळलेली फुलाची टोपी जाते, बाकी सगळं खाल्लं जातं. काही घरांत बियांचा मधला गर चमच्याने काढून टाकतात. तसं करत असाल तर तोही वजा करा.

समजा सफरचंद १८० ग्रॅमचं होतं आणि खाण्याजोगं १६० निघालं. पेरू २०० ग्रॅमचा होता, खाण्याजोगा १९०. आता वरचा प्रत्येक आकडा त्या वजनाने गुणायचा आणि १०० ने भागायचा. सफरचंद: सुमारे ८३ किलोकॅलरी, साखर १६.६ ग्रॅम, तंतू ३.८ ग्रॅम. पेरू: सुमारे १२९ किलोकॅलरी, साखर १६.९ ग्रॅम, तंतू १०.३ ग्रॅम.

साखरेची ओळ पुन्हा वाचा. शंभर ग्रॅमला पेरूत साखर कमी होती, पण एक-एक फळ धरल्यावर दोघांची जवळपास सारखी झाली. ‘पेरूत साखर कमी, बिनधास्त खा’ हा सल्ला इथे फसतो. त्यातून हल्ली बाजारात जे थोराड पेरू येतात, व्हीएनआर जातीचे वगैरे, त्यातलं एकच फळ तीनशे-चारशे ग्रॅम सहज भरतं. आहारतज्ज्ञाच्या कागदावरचं ‘एक फळ’ आणि ते फळ यांचा काही संबंध नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी माणसाच्या दिवसाच्या ताटात फळं धरली आहेत ती १०० ग्रॅम. म्हणजे असा पेरू घरातल्या तिघांत वाटायचा.

फरक पडतो तो तंतूंमुळे. एकूण कर्बोदकांतून तंतू वजा केले की या सफरचंदात १८ ग्रॅम उरतात आणि पेरूत १७. वजन जास्त असूनही पेरू बरोबरीत येतो, आणि वर दहा ग्रॅम तंतू पोटात जातात. पोषण संस्थेच्या हिशेबाने २००० किलोकॅलरीच्या आहारात दिवसाला ३० ग्रॅम तंतू हवेत. त्यातला तिसरा भाग एकाच फळात आला.

५. ‘क’ जीवनसत्त्वाच्या आकड्याने भुलू नका

व्हॉट्सॲपवर जो मेसेज फिरतो त्यात हेच असतं: पेरूत सफरचंदाच्या पन्नासपट ‘क’ जीवनसत्त्व! आकडा खरा आहे, २२८ ला ४.६ ने भागून बघा. पण भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागतं. पन्नास ग्रॅम पेरूत, म्हणजे चार-पाच फोडींत, ते भागतं. त्यापुढचं शरीर साठवून ठेवत नाही, बरंचसं लघवीवाटे निघून जातं. तेव्हा पन्नासपट म्हणून पन्नासपट फायदा होत नाही. रोजच्या जेवणात लिंबू, कोबी, ढोबळी मिरची, आवळा असेल तर हा मुद्दा आणखीच फिका पडतो.

तरी त्या जीवनसत्त्वाचा एक उपयोग आपल्या घरांत हमखास वाया जातो. पालेभाज्या आणि कडधान्यांमधलं लोह शरीरात सहजी शोषलं जात नाही. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असलं की ते जास्त शोषलं जातं. हिमोग्लोबिन कमी असलेल्या घरातल्या बाईने मटकीची उसळ-भाकरी खाताना ताटातच पेरूच्या फोडी घ्याव्यात, किंवा पेरूची कोशिंबीर करावी. तोच पेरू संध्याकाळी पाच वाजता खाल्ला तर तो उसळीच्या कामी येत नाही. आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर चहातली टॅनिन उलटं काम करतात, लोह अडवतात.

पेरूची गूळ घालून केलेली आंबटगोड भाजी मला फार आवडते, पण ती ‘क’ जीवनसत्त्वासाठी खाऊ नये. उष्णतेने ते बरंच नष्ट होतं. तंतू मात्र टिकतात.

६. भावाचा हिशेब करा

हा हिशेब कुठल्याच कोष्टकात नसतो, तो आपला आपणच करायचा. भाव रोज बदलतात म्हणून फक्त रीत सांगते. समजा पेरू शंभर रुपये किलो आहे आणि सफरचंद दोनशे. दहा रुपयांत पेरू १०० ग्रॅम येतो, खाण्याजोगा ९५. सफरचंद ५० ग्रॅम, खाण्याजोगं ४५. दहा रुपयांत तंतू किती? पेरूतून पाच ग्रॅम, सफरचंदातून एक. ठाण्यात गावदेवी किंवा जांभळी नाक्याच्या बाजारात उभं राहून, त्या दिवशीचा भाव घालून हे मोबाइलवर करून बघा. मिनिटभराचं काम आहे.

सफरचंद महाग पडतं त्याची कारणं प्रवासात आणि गोदामात आहेत. हिमाचलचा माल पावसाळ्यात सुरू होतो, काश्मीरचा त्यामागून येऊन दिवाळीच्या आसपासपर्यंत चालतो. त्यानंतर आपण जे खातो ते बहुतेक शीतगृहातलं किंवा परदेशातलं. हवेतला प्राणवायू कमी करून फळ महिनोन्महिने टिकवतात. ते खायला सुरक्षित असतं, पण साठवणुकीत ‘क’ जीवनसत्त्व घटत जातं, आणि सफरचंदात मुळात ते होतंच किती! पेरू मात्र नाशिक, राहाता अशा जवळच्या भागांतून येतो. लखनऊ-४९ नावाने विकला जाणारा पेरूही नावापुरताच लखनवी. सरदार म्हणूनही ओळखली जाणारी ही जात पुण्यात गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात १९२७ च्या सुमारास निवडली गेली.

७. हे कुणासाठी आहे ते पाहा

इथवर पेरू जिंकला. आता जिथे सफरचंदच द्यायला हवं त्या जागा.

मूत्रपिंडाचा आजार असेल आणि डॉक्टरांनी पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं असेल तर पेरू नको. ४१७ विरुद्ध १०७ हा फरक तिथे थेट धोक्याचा आहे. डायलिसिसवरच्या माणसाला भेटायला जाताना सफरचंदाची पिशवी घेऊन जाणारे नकळत बरोबर वागत असतात. रिपोर्ट हाताशी ठेवा म्हटलं ते याचसाठी, आणि निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या.

कवळी असलेल्यांना पेरूच्या बिया नकोशा होतात. कवळीखाली एक बी अडकली की जेवणाची मजा गेली. त्यांना सफरचंद सालीसकट वाफवून द्या, किंवा पेरूचा बियांशिवायचा बाहेरचा गर द्या. ‘क’ जीवनसत्त्व सालीत आणि सालीलगतच्या गरातच जास्त असतं, त्यामुळे तोटा फार होत नाही.

ज्यांच्या आहारात तंतू कमी आहेत त्यांनी एकदम रोज मोठा पेरू सुरू करू नये. पोट फुगतं, आणि दोष पेरूवर जातो. चार फोडींपासून सुरुवात, पाणी भरपूर. उलट सफरचंदाने पोटात वायू धरतो अशी तक्रारही खरी असू शकते: त्यात फ्रुक्टोज ही फळातली साखर आणि सॉर्बिटॉल हा साखरेसारखाच गोड घटक असतो, काहींच्या आतड्यांना ते सोसत नाही.

पेरूने सर्दी होते का? नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. पेरूचा चांगला हंगाम आणि सर्दीचे दिवस एकाच वेळी येतात, म्हणून त्याच्या नावावर बिल फाटतं.

८. विकत घेताना आणि घरी आणल्यावर

स्टेशनाबाहेर कापून मिळणारा पेरू टाळा असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला तो टाळता येत नाही. पण मीठ-तिखट बेताने लावायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम मिठाची आहे, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि आपलं बहुतेक मीठ जेवणातच होऊन जातं. रक्तदाबवाल्यांनी लिंबू पिळून घ्यावं. फळ अख्खं समोर असताना कापून घ्या, आधीच कापून ठेवलेलं नको.

डब्यात द्यायला पेरू सोपा. कापलेलं सफरचंद काळं पडतं आणि मुलं तसंच परत आणतात. फोडींना लिंबाचा रस चोळला की बराच वेळ पांढऱ्या राहतात.

चमकदार सफरचंदावर बहुधा मेणाचा थर असतो. खाण्यायोग्य नैसर्गिक मेणाला परवानगी आहे, घाबरून साल काढू नका. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, स्टिकर काढा, बास. साबण नको, फळ तो शोषून घेऊ शकतं.

‘पेरूचा रस’ किंवा ‘सफरचंदाचा रस’ लिहिलेला टेट्रापॅक या तुलनेत बसवूच नका. मागच्या बाजूला ‘ॲडेड शुगर’ची ओळ वाचा, आणि आकडे १०० मिलिलिटरचे आहेत की अख्ख्या पॅकचे ते बघा. तंतू तर जवळजवळ गेलेलेच असतात.

दोन्ही फळं एकाच टोपलीत ठेवू नका. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि त्याच्या शेजारचा पेरू भराभर पिकून मऊ पडतो. कच्चे पेरू लवकर पिकवायचे असतील तर मात्र हीच युक्ती मुद्दाम करा, दोन्ही कागदी पिशवीत एकत्र ठेवून.

सोसायटीतली पाच-सहा घरं मिळून घेणार असाल तर वाशीच्या एपीएमसी फळबाजारात जाऊन या. ठाण्याहून ट्रान्स हार्बर मार्गाच्या लोकलने तुर्भे, पुढे रिक्षा. सकाळी लवकर जा. तिथे घाऊक व्यवहार असतो, किलो-दोन किलो कुणी देत नाही. पेरूचा क्रेट किंवा सफरचंदाची पेटी अख्खी घ्यावी लागते. पेटी घेण्याआधी खालचा थर उघडून दाखवायला सांगा, वरची फळं नेहमीच देखणी असतात. पेरूच्या क्रेटमध्ये अर्धे कडक आणि अर्धे पिवळसर असे मिसळून मागा, म्हणजे निम्मा माल त्याच आठवड्यात संपतो आणि उरलेला पुढे चार दिवस खाता येतो. वाटणी फळं मोजून करू नका, वजनकाटा सोबत न्या, नाहीतर लहान फळं ज्याच्या वाट्याला येतात तो पुढच्या वेळी पैसे काढत नाही.